बंधू आणि बंदा

मध्यंतरी माझा एक लेख तपासून परत आला. 'बंदोबस्त' या शब्दाखाली लाल रेघ आणि समासात सूचना: उर्दू शब्द टाळावेत. त्याच परिच्छेदातला 'बंधारा' मात्र सहीसलामत सुटला होता.

हे दोन शब्द चुलत भाऊ आहेत. इंडो-युरोपीय भाषांची तुलना करून अभ्यासकांनी 'भेन्ध' असा एक मूळ धातू मांडला आहे, अर्थ बांधणे. तो कुठे लिहिलेला सापडत नाही. नातवंडांच्या चेहऱ्यांवरून पणजोबांचं चित्र काढावं तसा तो काढलेला आहे. संस्कृतात त्याचा 'बंध्' झाला, इंग्रजीत 'बाइंड', आणि इराणी शाखेत हकार गळून 'बंद'. 'बंदोबस्त' म्हणजे फारसी 'बंद-ओ-बस्त'. 'बस्त' म्हणजे बांधलेलं, तेही त्याच धातूचं.

मला सगळ्यात आवडते ती 'बंदा'ची गोष्ट. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, इराणी सम्राट दारयवहूच्या बेहिस्तून शिलालेखात अंकित लोकांसाठी 'बंदक' हा शब्द आहे. त्याचाच पुढे 'बंदा' झाला. दुआ मागताना आपण स्वतःला अल्लाहचे बंदे म्हणतो, आणि नागपुरातल्या सभेत वक्ता 'बंधू-भगिनींनो' म्हणून सुरुवात करतो. एक धन्याशी बांधलेला, दुसरा नात्याने.

मार्च २०२५ मध्ये महालात हिंसाचार झाला आणि शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. 'संचार' संस्कृत, 'बंदी' फारसी. त्या शब्दाने हिंदू-मुसलमान दोघांनाही घरात बसवलं. तो परका आहे अशी तक्रार निदान माझ्या कानावर तरी आली नाही.

शुद्धीची मागणी जुनीच आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांनी चळवळ केली. माधव जूलियन फारसीचे जाणकार. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश दिला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीची बाजू घेतली. एवढ्या व्यासंगी माणसाचं मतांतर मी थट्टेवारी नेणार नाही. राजवटीबरोबर आलेल्या शब्दांविषयीचा राग मला समजतो.

पण आपल्या लोकांशीही माझा एक वाद आहे. फारसी ही संस्कृतची बहीण, म्हणून आमचे शब्द राहू द्या, असं आपण हल्ली फार सांगतो. वर मीही तेच केलं. ही वाट अर्ध्यावर संपते. 'हक्क', 'वकील', 'हुकूम' अरबीतून आलेले. त्यांचं या कुटुंबाशी रक्ताचं नातं नाही. 'अण्णा', 'अक्का' कानडीतले. त्यांनी कोणता वंशवृक्ष दाखवायचा? विदर्भातला शेतकरी बांधावरून भांडतो तेव्हा 'माझा हक्क' म्हणतो. 'बांध' घरचा आणि 'हक्क' पाहुणा, असा हिशेब तो करत नाही. मग शब्दांकडे कुळाचा दाखला मागणं आणि आपण तो धावत जाऊन सादर करणं, दोन्ही मला सारखंच खटकतं.

लेख मी 'बंदोबस्त'सकट परत पाठवला आहे. सोबत विचारलं, 'बंधारा'ही काढायचा का? उत्तर अजून आलेलं नाही.