भग्न मठाचे मोल

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर परगण्यात रिपन नावाचे एक लहानसे नगर आहे. त्याच्या जवळच, स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यात, एका मध्ययुगीन ख्रिस्ती मठाचे भव्य अवशेष उभे आहेत. फाउंटन्स ॲबी हे त्या मठाचे नाव. त्याचे विशाल प्रार्थनामंदिर आज छपरावाचून उघडे पडले आहे आणि त्याच्या स्तंभांवर केवळ आकाशाचे छत आहे. अशी वास्तू पुन्हा बांधून काढावी, की आहे तशीच राखावी, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात सहज येतो. त्याचे उत्तर या मठाच्या इतिहासातच सापडते.

इ. स. ११३२ मध्ये यॉर्क येथील एका संपन्न मठातून तेरा साधू बाहेर पडले. तेथील जीवन त्यांना सुखासीन वाटू लागले होते. आर्चबिशप थर्स्टन यांनी त्यांना स्केलच्या खोऱ्यातील ओसाड जागा दिली. ऐन हिवाळ्यात त्यांनी एका वृक्षाच्या आश्रयाने दिवस काढले, असे जुन्या वृत्तांतात म्हटले आहे. पुढे ते सिस्टर्शियन पंथात सामील झाले. न रंगवलेल्या लोकरीचा जाडाभरडा वेष, मौन, प्रार्थना आणि श्रम हे त्यांचे व्रत होते. मठातील सेवकबंधू शेती करीत व मेंढ्यांचे मोठमोठे कळप सांभाळीत. त्या लोकरीसाठी इटलीपर्यंतचे व्यापारी येऊ लागले आणि दारिद्र्याचे व्रत घेतलेल्यांचा हा मठ इंग्लंडमधील अत्यंत धनाढ्य मठांत गणला जाऊ लागला. इ. स. १५०० च्या सुमारास मठाधिपती ह्यूबी यांनी बांधविलेला सुमारे ५० मीटर उंचीचा मनोरा त्या वैभवाची साक्ष आजही देतो.

हा मठ वाऱ्यापावसाने पडला, असे कोणी समजू नये. राजा आठव्या हेन्रीने देशातील सर्व मठ बंद केले, तेव्हा १५३९ साली फाउंटन्सच्या साधूंनाही निघून जावे लागले. मठाची मालमत्ता विकली गेली. छपरावरील शिशाचे पत्रे काढून नेण्यात आले. छप्पर गेल्यावर भिंतींत पाणी मुरू लागले. पुढे शेजारी एक वाडा उभा राहिला आणि त्यासाठी मठाचेच दगड वापरण्यात आले. जे बांधण्यास पिढ्यानपिढ्या खपल्या, ते माणसांच्याच हातून अल्पावधीत ओसाड झाले.

नाश जसा लोभाने होतो, तसा अतिउत्साहानेही होतो. अठराव्या शतकात विल्यम एझलबी या जमीनदाराने हे अवशेष विकत घेतले व आपल्या सुंदर उद्यानाला जोडले. त्यामुळे ते टिकले, हे खरे. परंतु त्याने तेथील पडझड हलवून हिरवळ लावली, तेव्हा अवशेषांचे खरे रूपच बिघडले, अशी टीका त्याच्याच काळात झाली. पुढे १९४६ च्या सुमारास, महायुद्धांत मृत्यू पावलेल्या कॅथलिकांचे स्मारक म्हणून मठ पुन्हा उभारावा, अशी योजना निघाली. तिच्यामागील भावना आदरणीय होती. तरीही ती सिद्धीस गेली नाही, हे बरेच झाले. नाहीसे झालेले छप्पर, खिडक्या आणि कोरीवकाम हुबेहूब कसे होते, हे कोण सांगणार? अंदाजाने घातलेली भर ही मूळ वास्तूच्या मुखी घातलेली खोटी साक्ष ठरते. शिवाय नवे छप्पर घातले, तर १५३९ ची कहाणी सांगणारी उघडी भिंत कायमची मूक होईल.

‘निरुपयोगी दगडांवर पैसा का खर्चावा?’ असेही कोणी विचारतील. हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. गरजा अनेक असतात आणि धन मर्यादित असते. परंतु इस्पितळ किंवा शाळा पडली, तर दुसरी बांधता येते. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या छिन्नीची खूण एकदा पुसली, की कितीही धन वेचले तरी परत मिळत नाही.

राखणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत शिरू नये म्हणून सतत जपावे लागते. सांधे भरताना चुन्याचा लेपच योग्य ठरतो. कठीण सिमेंटमुळे ओल आत कोंडते आणि दगड झिजतो. साधूंनी मठाचा काही भाग नदीवरच कमानी घालून बांधला असल्यामुळे पुराचे भयही आहे. १९८३ पासून नॅशनल ट्रस्ट ही संस्था मठाची काळजी वाहते आणि १९८६ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. पाण्याचा वेग मंदावा म्हणून या संस्थेने नदीच्या वरच्या अंगास शेतकऱ्यांच्या साहाय्याने वृक्ष लावले आहेत. मठ वाचवायचा, तर मैलोगणती दूरचे शेतही सांभाळावे लागते.

भग्न वास्तूवर पहिला हक्क तिच्यात राहून गेलेल्यांचा आणि दुसरा अजून जन्मास न आलेल्यांचा असतो. वर्तमानकाळातील माणसे तिची केवळ विश्वस्त होत. दगड उपटून न्यावा, त्यावर आपले नाव कोरावे, किंवा आपल्या आवडीप्रमाणे तो सजवावा, हा अधिकार विश्वस्ताला नसतो. मिळाले ते जसेच्या तसे पुढच्या हाती सोपवावे, हेच त्याचे कर्तव्य होय.