पट्टी आमची, पाटी कोणाची?

नगरपालिकेची आणि नागरिकाची गाठ पडते ती बहुधा त्याच्या दारात. दारापुढील रस्ता तिचा, दारी येणारी घरपट्टीची मागणी तिची, आणि अलीकडे दारावरील पाटीच्या अक्षरांचे मापही तीच घेऊ लागली आहे. पट्टी आणि पाटी हे विषय वरवर पाहता भिन्न. परंतु ज्या बेळगावकरास ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर वाहावी लागतात, त्याला त्यांतील नाते समजावून सांगण्याचे कारण नाही.

प्रथम पट्टीचा विचार करू. कर्नाटकात घरपट्टीची आकारणी मिळकतीच्या भांडवली मूल्यावर होते व त्या मूल्यास नोंदणी खात्याच्या मार्गदर्शक दराचा आधार असतो. रस्ता रुंद झाला की जागेचा दर चढतो, आणि दराच्या पाठोपाठ पट्टीही चढते. रस्त्याचा लाभ ज्याला, त्याने भार उचलावा, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याला घर विकावयाचेच नाही, त्या शहापूर-वडगावच्या विणकराच्या हाती या चढत्या दरातून काय पडते? शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शुल्काच्या मोबदल्यात सेवा द्यावी लागते, कराला तसे बंधन नाही. न्यायालयात जो हिशेब मागता येत नाही, तो सभागृहात मागणे म्हणूनच अधिक अगत्याचे ठरते. २०२४ साली शहरातील एका रस्त्यासाठी घेतलेल्या खासगी जागेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सुमारे २० कोटी रुपयांच्या भरपाईचे संकट महापालिकेपुढे उभे राहिले. अधिकाऱ्यांच्या अशा घाईचा दंड अखेर कोणाच्या खिशातून जावयाचा, हे सांगावयास हवे काय?

आता पाटी. १९८१ पासून कर्नाटकात उघड्या जागांचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा आहे. शहर स्वच्छ दिसावे याविषयी कोणाचे दुमत असणार? कन्नड भाषेविषयीच्या वेगळ्या कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीने फलकाचा ६० टक्के भाग कन्नडसाठी राखून ठेवला. राज्यभाषेचा मान आम्ही जाणतो. पण साठ म्हणजे शंभर नव्हेत! उरलेल्या ४० टक्क्यांत व्यापाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकाची भाषा लिहिली, तर तो गुन्हा होत नाही, हे पालिकेने लेखी जाहीर करण्यास कोणती अडचण आहे?

निवडणुकीच्या फलकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. धनवान पक्षाला प्रचाराची साधने अनेक. लहान उमेदवाराला चौकातला एक फलक हाच आधार. त्याचा फलक तासाभरात उतरावा आणि सत्ताधाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक पंधरवडाभर वाऱ्यावर डोलावेत, असे जेथे घडेल तेथे नियम हे केवळ निमित्त उरेल. अमेरिकेतील गिल्बर्ट या गावाने राजकीय फलकांना ३२ चौरस फुटांपर्यंत मुभा दिली होती. प्रार्थनेची जागा दाखविणाऱ्या एका लहानशा मंडळीच्या फलकाला मात्र अवघे ६ चौरस फूट. २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो नियम एकमताने रद्द ठरविला. मजकूर पाहून फूटपट्टी बदलणे न्यायाला रुचत नाही, मग ती फूटपट्टी ॲरिझोनातील असो वा बेळगावातील.

सीमाप्रश्नावर ठराव केला म्हणून निवडून आलेली महापालिका २००५ साली बरखास्त झाली, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच आमची मागणी ठरावांपुरती थांबणारी नाही. आकारणीची नोटीस मराठीतही मिळावी. १९५६ च्या भाषिक संरक्षणाच्या योजनेत १५ ते २० टक्के अल्पसंख्याक असलेल्या क्षेत्रासाठी महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत देण्याची शिफारस आहेच. रस्त्यामुळे वाढलेल्या पट्टीचा हिशेब प्रभागवार प्रसिद्ध व्हावा. फलकाला कोणी, किती दिवसांची, कोणत्या जागेसाठी परवानगी दिली, याची यादी पालिकेच्या दारावर लागावी.

नागरिकांनीही आपले कर्तव्य चुकवू नये. पट्टी वेळेवर भरा, पण भरण्यापूर्वी आकडा तपासा. चूक आढळल्यास लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्या. फलक उतरविला गेला तर आदेशाची प्रत मागा. पट्टी भरणाऱ्याचा शब्द पाटीवर पुसता येईल. पालिकेच्या दप्तरी नोंदलेली त्याची हरकत इतक्या सहजी पुसता येत नाही.