घरचा टीव्ही : आधी अँटेना, मग शोध



इदान प्लसचे चॅनल गेले? घाबरू नका. २०११ पर्यंतच्या जुन्या प्रक्षेपणात सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी चित्र दिसायचं. डिजिटलचं तसं नाही. चौकोन उठतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा!

आधी अँटेनाची वायर डब्याच्या मागे घट्ट बसवा. अँटेना खिडकीशी ठेवा, काँक्रीटच्या भिंतींत सिग्नल अडतो. मेनूतली सिग्नलची पट्टी वर चढली, की मगच चॅनलचा नवा शोध लावा. सिग्नल नसताना शोध लावलात, तर आहे ती यादीही पुसली जाऊ शकते.

नातवंडांनो, रिमोटची बटणं आजीलाही शिकवा. सायरनच्या दिवशी बातम्या तिला एकटीला लावता आल्या पाहिजेत.