अनुदानित कॉलेजचा हिशोब विचारायचा कुणी?

अनुदानित कॉलेजातल्या मंजूर पदांचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच पैशातून होतो. मग कॉलेज पुढे काय करणार, हे कुठे ठरतं?

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत् आराखडा करतं. त्यात ठिकाण नसेल तर नवीन कॉलेजला परवानगी नाही. तालुक्यात सायन्स नाही म्हणून ओरड होते, पण आराखडा होताना गावं गप्पच असतात.

कॉलेजात कलम 97 ची महाविद्यालय विकास समिती असते. विकास आराखडा, वार्षिक अंदाजपत्रक तिचं काम. वर्षात किमान चार बैठका. चार स्थानिक सदस्य, त्यात निदान एक माजी विद्यार्थी. पण खरी गोम इथेच आहे. हे चौघे नेमते संस्थाच! जाब विचारणारा आणि देणारा एकाच घरचा असला, की बैठक चहापाण्यावर उरकते.

म्हणून इतिवृत्त मागा. भरीव सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना माहिती अधिकार लागू आहे, हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये कॉलेजांच्याच प्रकरणात सांगितलंय. अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. नॅक झालेल्या कॉलेजचा वार्षिक गुणवत्ता अहवाल तर वेबसाइटवरच असायला हवा. ॲडमिशनआधी मोबाइलवर बघून घ्या.