कारण न सांगता प्रवास

बाई घराबाहेर पडायला निघाली की तिला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कशासाठी?’ हा. बाळंतपणाला, आजारपणाला, लग्नाला, मयतीला, देवाला, कामाला ही उत्तरं चालतात. आम्हा कार्यकर्त्यांना आणखी दोन उत्तरं मिळाली आहेत: शिबिराला आणि परिषदेला. ‘सहज, मैत्रिणींबरोबर हिंडायला’ हे उत्तर मात्र फार थोड्या घरांत चालतं. ते चालायला लावणं हे स्त्रीचळवळीचंच काम आहे, असं माझं मत आहे.

प्रश्न जुना आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा बंगालमधल्या श्रीरामपूरला जाहीर भाषण करून आपण का जातो याचा खुलासा त्यांना करावा लागला. नवऱ्याचा पाठिंबा असताना आणि डॉक्टर होण्याइतकं मोठं कारण असताना! त्यानंतर कायद्यानं बरीच वाट मोकळी केली. मनेका गांधी यांचा पासपोर्ट १९७७ साली सरकारनं जप्त केला. त्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परदेशी जाणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि ते अडवायची रीत न्याय्यच असली पाहिजे. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला जोडायची अटही गेली. सरकारी परवाना असा सोपा होत गेला. घरातल्या परवान्याचं काय?

२०२५ च्या जुलैत आम्ही चौघी मैत्रिणी नेपाळला जाऊन आलो. एक बालवाडीशिक्षिका, एक पतपेढीत नोकरी करणारी, एक शिवणकाम करून एकटीनं मुलगा वाढवणारी आणि मी. नेपाळ अशासाठी की सर्वांत स्वस्त परदेश तोच. भारतीयांना तिथं व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावर जाता येतं. आपले शंभर रुपये म्हणजे त्यांचे एकशेसाठ, हा दर १९९३ पासून तोच आहे. दरमहा पाचशे रुपये प्रमाणे तीन वर्षं आम्ही पोस्टात टाकले होते. माणशी अठरा हजार जमले आणि त्यात दहा दिवसांचं सगळं भागलं.

पावसाळ्यात कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. नेपाळचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल. तेव्हा आकाश स्वच्छ असतं, हिमशिखरं दिसतात आणि खोल्या महाग असतात. पण ऑक्टोबरात आपल्याकडे नवरात्र-दिवाळी, मार्चमध्ये वर्षअखेरचे हिशेब, एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई आणि मुलांच्या सुट्ट्या. बाईच्या वर्षात रिकामा खण शोधायला बसलो तेव्हा आषाढ-श्रावणाचे चार दिवस हाती लागले. शाळा सुरू झालेल्या, गणपती लांब, गावातल्या बायका लावणीत गुंतल्यामुळे बचतगटाच्या बैठकाही पातळ. जगाच्या दृष्टीनं जो आडहंगाम, तोच आम्हाला परवडणारा आणि मिळणारा काळ.

नाशिक रोडहून गोरखपूरची रेल्वे, तिथून सोनौलीपर्यंत बस, आणि मग पिशव्या खांद्याला लावून सीमा चालत ओलांडायची. पलीकडे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. लुंबिनी, पोखरा, काठमांडू असा बेत होता. पोखऱ्याला तीन दिवस मुक्काम केला आणि माछापुच्छ्रे शिखर एकदाही दिसलं नाही; ढग हटलेच नाहीत. फेवा तलावाच्या काठी चौघी छत्र्या घेऊन बसलो होतो. कुणाला जेवायला वाढायचं नव्हतं, कुणाचा अहवाल लिहायचा नव्हता. शिवणकाम करणारी मैत्रीण म्हणाली, “अगं, सकाळी सहाला उठून पुन्हा झोपता येतं हे मला माहीतच नव्हतं.” ती चाळीस वर्षांची आहे.

आता परवानग्यांचं सांगते. पतपेढीतल्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी ‘हिंडायला’ म्हटल्यावर तोंड फिरवलं. ‘श्रावणात पशुपतिनाथाचं दर्शन’ म्हटल्यावर त्याच सासूबाईंनी वरखर्चाला पाचशे रुपये काढून दिले. यावर आम्हा चौघींत बराच वाद झाला. बालवाडीतली म्हणाली, मिळतंय त्या नावानं घ्यावं; वारीच्या निमित्तानं आपल्या आज्या-पणज्या घराबाहेर पडल्याच की. मला ते पटतं आणि पटत नाहीही. देवाचं नाव ही बायकांनी शोधलेली जुनी पळवाट आहे आणि तिच्यात शहाणपण आहे. पण पळवाटेनं एक बाई सुटते, दार बंदच राहतं. पुढच्या सुनेला पुन्हा देवच शोधावा लागतो.

हेच पुढं काठमांडूत आमच्या गेस्टहाउसच्या मालकीणबाईंकडून ऐकलं. तिथं हरितालिकेला तीज म्हणतात. लेकी माहेरी येतात, आदल्या रात्री ‘दर’ म्हणजे गोडाधोडाचं जेवतात, दुसऱ्या दिवशी नवऱ्यासाठी उपास करतात आणि नाचता-गाताना सासरची गाऱ्हाणी गाण्यातून चव्हाट्यावर आणतात. आपल्याकडच्या नागपंचमीच्या आणि मंगळागौरीच्या गाण्यांत वेगळं काय आहे? तिथंही आणि इथंही बाईला मजा करायची ती व्रताच्या पदराआडून.

आणि जिथं देव चालत नाही तिथं ‘सुरक्षितता’ पुढं येते. समाजकार्याचं शिक्षण घेताना नेपाळ हा शब्द मी ऐकला तो मुंबईच्या वेश्यावस्तीत विकल्या गेलेल्या मुलींच्या संदर्भात. ती विक्री खरी आहे, तिच्याविरुद्धची लढाईही खरी आहे. पण त्याच कारणाखाली काय काय केलं जातं तेही पाहू. २०१२ साली नेपाळ सरकारनं तीस वर्षांखालच्या बायकांना आखाती देशांत घरकामासाठी जायला बंदी घातली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या इमिग्रेशन विभागानं प्रस्ताव आणला की चाळीस वर्षांखालच्या बाईनं प्रथमच आखाती किंवा आफ्रिकी देशांत एकटीनं जायचं असेल तर कुटुंबाची आणि वॉर्ड कार्यालयाची संमती आणावी. काठमांडूच्या रस्त्यावर बायका उतरल्या. माणसं विकणारा मोकळा आणि जिला विकण्याचा धोका तिच्याच पायात बेडी, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. ‘रात्रीची बाहेर पडू नकोस’ याचंच ते सरकारी रूप.

धोका नसतोच असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात नेपाळ स्वस्त का, याचं उत्तर तिथल्या रस्त्यांवर लिहिलेलं आहे. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. म्हणून आम्ही डोंगरातला प्रवास फक्त दिवसा केला, दोन दिवस मोकळे हाताशी ठेवले आणि जोराचा पाऊस झाला की निघायचं लांबवलं. धोका समजून घेऊन बाई स्वतः निर्णय घेते, आणि धोक्याचं नाव सांगून दुसरं कुणी तिचा निर्णय घेतं. सुरक्षिततेची चर्चा करताना हा फरक आपण सोडता कामा नये.

आमची स्वस्ताई कुणाच्या पदरात पडली, हेही विचारायला हवं. पोखऱ्यात आम्हाला खोली जवळजवळ निम्म्या दरानं मिळाली. तिथं झाडलोट करणाऱ्या ताईंनी सांगितलं की हंगामात चौघी जणी कामाला असतात, पावसाळ्यात दोघींना भातलावणीला गावी पाठवतात आणि त्या महिन्यांचा पगार नसतो. मग उरलेल्या निम्म्या दरातही आणखी घासाघीस करायचं आम्ही थांबवलं. एका बाईची विश्रांती दुसऱ्या बाईच्या पोटावर उभी राहू नये, एवढं भान आपल्याला हवं.

हाच हिशेब घरातही मांडला पाहिजे. आम्ही दहा दिवस नव्हतो तेव्हा चूल कुणी पेटवली? एका घरी सासूनं, एका घरी बहिणीनं, एका घरी शेजारणीनं. फक्त एका घरी नवऱ्यानं आणि मुलानं मिळून स्वयंपाक केला. निघण्यापूर्वी पीठ दळून, चटण्या करून, गॅसचा नंबर लावून ‘सोय’ करून गेलो ती वेगळीच. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच चारात एक. मग बाईची सुट्टी म्हणजे तिचं काम दुसऱ्या बाईच्या अंगावर टाकणं, असंच होणार. म्हणून फुरसतीचा प्रश्न हा श्रमविभागणीचा प्रश्न आहे. त्याला चैन म्हणून बाजूला सारता येत नाही.

आपल्या संघटनांतही हे सारलंच जातं. मारहाण, पोटगी, रेशन असे प्रश्न समोर असताना हिंडण्याचं काय घेऊन बसलीस, असं मला एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं विचारलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क चोविसाव्या कलमात स्पष्ट लिहिलेला आहे, आणि त्यात सगळे प्रश्न सुटल्यावर मग, अशी अट नाही. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी राबणाऱ्या, स्वतःच्या हक्काची रजा मागताना मान खाली घालणाऱ्या कार्यकर्त्या मी पुष्कळ पाहते.

म्हणून काही सुचवते. प्रत्येक संस्थेनं कार्यकर्तीला वर्षातून सलग दहा दिवसांची पगारी रजा द्यावी आणि अर्जात कारणाचा रकाना ठेवू नये. बचतगटांनी कर्जाच्या यादीत बी-बियाणं, शिलाई मशीन, आजारपण यांच्या जोडीला प्रवास लिहावा. तो पंढरपूरचा असो, गोव्याचा असो की सोनौलीच्या पलीकडचा. जाताना ‘सोय’ लावायची ती घरातल्या पुरुषांना कामाला लावून. आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढं विचारा: काही काम नसताना, कुणी बरोबर नेत नसताना, तू शेवटची कुठे आणि केव्हा गेली होतीस? बहुतेकींना आठवावं लागेल. काहींना आठवणारच नाही. तिथून बोलायला सुरुवात करू या.