विषय निवडताना जमीन बघा, बेणे मग ठरवा



मी ऊस विकास खात्यातला माणूस, शिक्षण कृषी पदविकेचे. लागण, खोडवा, खत यांवर बोलणे हे माझे काम. पण जून-जुलै आला की गट ऑफिसात एक निराळाच प्रश्न येतो. "साहेब, पोरगं बी.कॉम. झालं. आता एम.कॉम.ला काय घ्यायचं? टॅक्स, ऑडिट का कॉस्टिंग?"

चार वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने हेच विचारले होते. मी विचार न करता बोलून गेलो, "टॅक्स घे, टॅक्सला मरण नाही." पोरगा शाळेत असल्यापासून घरच्या उसाचा खर्च वहीत मांडायचा, टनाला काय पडले ते काढायचा. ते माझ्या डोळ्यांसमोर होते, तरी ध्यानात आले नाही. आज तो एका सल्लागाराकडे विवरणपत्रे भरतो. तक्रार करत नाही, पण कामात त्याचा जीव नाही. जमीन बघून बेणे निवडा, असे आम्ही प्रत्येक शिबिरात सांगतो. चोपण रानात 265 तग धरतो म्हणून तो सगळ्यांनीच लावावा असे नसते. घरात मात्र मीच हे विसरलो.

तेव्हा तिन्ही विषयांचे काम काय, ते आपल्याच धंद्यातून पाहू.

करविषय हलका नव्हे. किमान दरापेक्षा जादा दिलेला ऊसदर म्हणजे नफ्याचे वाटप, असे धरून आयकर खात्याने सहकारी कारखान्यांवर वर्षानुवर्षे मागण्या काढल्या. आकारणी वर्ष 2016-17 पूर्वीची ऊस देणी खर्चात धरण्याची वाट 2023 च्या अर्थसंकल्पाने मोकळी केली. सुमारे 10,000 कोटींचा दिलासा सांगितला गेला. कायद्याचे कलम चिकाटीने वाचणाऱ्याचे हे काम.

लेखापरीक्षणाला खमका माणूस लागतो. 2013 साली राज्याच्या सहकार कायद्यात बदल झाला आणि पॅनेलवरचा लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे आला. समोर ओळखीचा माणूस असला तरी चूक ती चूक म्हणणाऱ्यानेच इकडे यावे. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षाही त्याने जरूर द्यावी.

राहिले कॉस्टिंग, म्हणजे परिव्यय लेखा. इकडे मुले कमी वळतात, आणि माझ्या मते आपल्याला गरज इथेच जास्त आहे. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला टनास 3,550 रुपये एफआरपी ठरली. त्यापुढे दर 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे. म्हणजे अर्धा टक्का उतारा वाढला तर टनाला 173 रुपये, आणि पाच लाख टन गाळपावर 8 कोटी 65 लाख! हा उतारा रानात वाढला की तोडणीनंतर ऊस पडून राहिल्याने घटला? तोडणी-वाहतूक टनाला किती पडली आणि का? हे आकड्यांत दाखवणारा आपल्या घरातला असेल, तर सभेत आवाज चढवण्याची पाळी येणार नाही.

म्हणून सगळ्यांनी कॉस्टिंगच घ्यावे असे मात्र नाही. तसे म्हटले तर माझी जुनीच चूक पुन्हा होईल. मित्राने घेतला, क्लास जवळ आहे, पेपर सोपा जातो, ही कारणे नकोत एवढेच. मूल कशात रमते ते आधी बघा.

संचालक मंडळाला एक विनंती आहे. हंगामात सभासदांच्या वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना आठ दिवस काटा, शेती विभाग आणि हिशेब विभागात बसू द्यावे. कारखान्याला खर्च फक्त चहाचा. मुलींनाही आवर्जून पाठवा. घरचा हिशेब बहुतेक ठिकाणी त्याच चोख ठेवतात.

पुतण्याने यंदा कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेचा फॉर्म आणला आहे. या खेपेला मी सल्ला दिला नाही, फक्त फी भरली.