खरज कळला पाहिजे

साप्ताहिक सदर : कान देऊन

नाशिकमधल्या बँडच्या पोरांत एक वाद कायम धुमसत असतो. बेस गिटारचा आवाज कसा हवा? एक पक्ष म्हणतो, खोल हवा. वाजला की छातीत बसला पाहिजे, पायाखालची फळी थरथरली पाहिजे. दुसरा म्हणतो, स्वच्छ हवा. कुठला स्वर लागला ते शेवटच्या रांगेतही कळलं पाहिजे. पहिला पक्ष ॲम्प्लिफायरवरचं ‘बेस’चं बटण वाढवतो, दुसरा ‘मिड’चं. कॉलेजांच्या गॅदरिंगचा हंगाम आला की सरावाच्या खोल्यांत यावरून खरोखरीची भांडणं होतात. मी दुसऱ्या पक्षाचा आहे, आणि का ते आज सविस्तर सांगतो.

चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा, म्हणजे ४१ हर्ट्झने, कंप पावते. पाच तारांचं वाद्य असेल तर ३१ वेळा. आपला कान इतक्या खाली फार अधू आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं, की माणसाला वेगवेगळ्या उंचीचे स्वर सारख्या ताकदीने ऐकू येत नाहीत. हजार हर्ट्झचा जो स्वर आपण हळू पण आरामात ऐकतो, तेवढ्याच दाबाचा ४० हर्ट्झचा स्वर आपल्याला ऐकूच येत नाही. मग बेस गिटारवर ‘ई’ वाजला हे कळतं कसं? त्याच्या उपस्वरांवरून: ८२, १२३, १६४ आणि त्याही वरचे. मोबाइलचा इवलासा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही, तरी त्यावर गाणं लावलं की बेसची ओळ ओळखू येते. वरचे स्वर ऐकून खालचा मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो.

म्हणजे खोली वाढवण्यासाठी आपण जो भाग फुगवतो, तो स्वर ओळखायला सगळ्यात कमी उपयोगाचा असतो. त्याने हवा हलते, अंगावर काटा येतो, हे सगळं खरं. आणि त्यातला आनंद मी नाकारत नाही. पण बेस गिटारचं पहिलं काम गाण्याचा पाया कुठल्या स्वरावर उभा आहे ते सांगण्याचं आहे. कीबोर्डवाला एक स्वरसंघ धरून बसलेला असताना बेसवाल्याने खालचा स्वर बदलला, तर त्या स्वरसंघाचा अर्थच बदलतो. ही ताकद वाद्यवृंदात दुसऱ्या कुणाकडे नाही. गडगडाटात ती वाया घालवायची म्हणजे वाईटच.

आता सरावाच्या खोलीची गंमत बघा. सराव होतो कुठे? घराची वरची खोली, गाळा, गॅरेज. साधारण बारा-चौदा फुटांच्या समोरासमोरच्या भिंती, खाली टाइल्स, वर स्लॅब. चौदा फुटांच्या अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये जो आवाज आपोआप घुमतो तो चाळीस हर्ट्झच्या जवळपासचा असतो, म्हणजे नेमका बेसच्या सगळ्यात जाड तारेचा. बारा फुटांत तो ४७ हर्ट्झच्या आसपास सरकतो, म्हणजे त्याच तारेवर दुसऱ्या पडद्याशी. हे दोन-तीन स्वर खोली फुकटात मोठे करून देते आणि शेजारचे तसेच पडून राहतात. शिवाय बेसवाला भिंतीला टेकून किंवा कोपऱ्यात उभा राहतो, तिथे हा घुमारा सगळ्यात जास्त. त्याला वाटतं, आपला टोन काय भारी लागलाय! खरं तर ती त्या खोलीची करामत असते.

तोच बँड उघड्यावर येतो. सुला विनयार्डच्या ज्या खुल्या रंगमंडपात २००८ पासून सुलाफेस्ट होत आला, तिथे किंवा गंगापूर रोडच्या एखाद्या लॉनवर. चाळीस हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते. तिला परतवायला तिथे भिंतच नाही. खोलीने दिलेला आधार गेला की खालचा आवाज विरघळतो, आणि मिड आधीच कापून ठेवलेला असल्यामुळे मागे काहीच उरत नाही. बेसवाला घाबरून बेसचं बटण आणखी वाढवतो. सबवुफर असले तर ड्रमच्या किकमध्ये तो आवाज कालवला जातो. नसले तर ॲम्प नुसता धापा टाकतो. दोन्हीकडे श्रोत्याला स्वर मिळत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे कधीच सुटलेला आहे, म्हणून मला या भांडणाचं जास्त वाईट वाटतं. तंबोऱ्याकडे बघा. विष्णु दिगंबर पलुस्कर उतारवयात ज्या गावात आश्रम काढून राहिले, त्या नाशिकला तंबोरा काही नवा नाही. काळी एक पट्टीतल्या मर्दानी तंबोऱ्याच्या खरजाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. बेस गिटारच्या ‘ए’ तारेवर चौथ्या पडद्याशी नेमका हाच स्वर येतो. तो भोपळा काही ॲम्प्लिफायर नव्हे, तरी भरल्या मैफलीत तो खरज ऐकू येतो. याचं कारण घोडीची जवारी. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा अशा बेताने घासतात आणि तारेखाली दोरा अशा जागी सरकवतात, की कंप पावणारी तार घोडीला हलकेच चाटत राहते. त्या स्पर्शाने तारेची ताकद वरच्या उपस्वरांत वाटली जाते आणि तो झळाळता झंकार उठतो. जवारी उतरली की तोच खरज बसका लागतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातकौशल्याच्या परंपरेला. खालचा स्वर वरून उजळायचा असतो, ही गोष्ट तिथला कारागीर हाताने जाणतो.

जॅको पास्टोरियस नावाच्या अमेरिकन वादकाने आपल्या फेंडर जॅझ बेसचे पडदे काढून टाकले, दांडीच्या लाकडावर कडक राळेचा थर चढवला आणि त्यावर गोल वेटोळ्यांच्या तारा लावून वाजवल्या. १९७६ सालचा त्याचा पहिला अल्बम ऐका. तार लाकडाला घासून जो लांबट, बोलका झंकार येतो, तो जवारीच्याच जातीचा आहे.

डग्ग्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते ती जास्त मोलाची. डग्ग्यावर ‘घे’ खुला असतो आणि ‘के’ बंद. चांगल्या तबलजीचा डग्गा घुमतो म्हणून भरदार लागत नाही, योग्य वेळी थांबतो म्हणून लागतो. पुढचा बोल येण्याआधी हात आधीच्या ‘घे’ची आस मोडतो आणि त्या कोऱ्या जागेत पुढचा बोल पडतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात तेव्हाही हाच अंदाज लागतो: कमी पडली तर आवाज उथळ, जास्त झाली तर भद्द. (तालवाद्यांच्या पुडीला वजन दिल्याने उपस्वर सुरेल कसे होतात, यावर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलं. नोबेल त्यानंतर दहा वर्षांनी मिळालं. तबल्याच्या शाईकडे इतक्या आधी लक्ष देणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.)

नाशिकच्या तरुण बेसवादकांना हेच सांगायचं आहे. तुमचा आवाज गढूळ येतो तो बऱ्याचदा बटणामुळे नव्हे. आधीचा स्वर जिवंत असतानाच तुम्ही पुढचा वाजवता म्हणून. ‘ए’ तारेवर जाताना ‘ई’ तार मोकळी गुणगुणत राहिली, तर जगातला कुठलाही पेडल ते निस्तरणार नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि डाव्या हाताची रिकामी बोटं नको असलेल्या तारांवर टेकलेली हवीत. स्वर सुरू कधी करायचा हे सगळे शिकतात, संपवायचा कधी हे फार थोडे.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा अपवाद म्हणून जेम्स जेमरसनचं नाव घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं. साठच्या दशकातल्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांवर त्याचा बेस आहे. वाद्य १९६२ सालचं फेंडर प्रिसिजन, त्यावर सपाट वेटोळ्यांच्या जाड तारा, ज्या तो तुटल्याशिवाय बदलत नसे. घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि वाजवायला उजव्या हाताची फक्त तर्जनी. हा स्वच्छ, चकचकीत आवाज मुळीच नाही. मऊ, बुटका, जुनाट आहे. तरी एकेक स्वर कळतो. कारण तो फोम स्वराला लांबू देत नाही आणि जेमरसन पुढच्या स्वराला पुरेशी जागा ठेवतो. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन एन्टविसल रोटोसाउंडच्या पोलादी गोल वेटोळ्यांच्या तारा लावून बेसमधून जवळजवळ पियानोचा खणखणाट काढत होता. आवाज दोन टोकांचे, पण कळण्यात दोघेही चोख. म्हणून स्पष्टता म्हणजे तीक्ष्णपणा असं मी म्हणत नाही.

ज्या गावाच्या नावाने ढोल थेट केरळपर्यंत ओळखला जातो, त्या नाशिकला खोल आवाजाचं प्रेम असणारच. पण पथकात पन्नास ढोल एका ठोक्यावर पडतात तेव्हा त्या दणक्याला आकार ताशा देतो. ताशाची तर्री नसेल तर ढोलांचा नुसता गलका होतो. बँडमध्ये बेस गिटारला ही दोन्ही कामं एकट्याने करावी लागतात.

निव्वळ खोल आवाजाचं काय होतं, ते लॉन्सच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा. भिंती आणि बंद खिडक्या पार करून घरात येतो तो फक्त धम्-धम् भाग. गाणं कुठलं ते कळत नाही, झोप मात्र मोडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ‘ए’ मापावर मोजतात. या मापात ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा धरले जातात, ३१ हर्ट्झच्या आसपास तर ३९. छाती हादरवणारा आवाज मीटरवर सौम्य दिसतो. हे माप बदलावं, निदान खालच्या आवाजासाठी वेगळी मर्यादा असावी, असं माझं ठाम मत आहे; त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

खोल आवाज जिथे शोभतो तिथे तो जरूर घ्यावा. रेगेमध्ये ॲस्टन बॅरेटचा बेस ऐका. तिथे गिटार उलट्या ठोक्यावर टिचकी मारून बाजूला होते, कीबोर्ड मोजका, आणि ती सगळी मोकळी जमीन बेससाठी राखलेली. आपल्याकडच्या कव्हर बँडमध्ये दोन गिटार, भरगच्च कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ड्रम एकाच वेळी चालू असतात. तिथे ती जमीनच शिल्लक नसते.

तेव्हा करायचं काय? पस्तीस-चाळीस हर्ट्झच्या खालचं कापून टाका; ॲम्प मोकळा श्वास घेईल. दोनशे-अडीचशेच्या आसपास आवाज फुगतो, तिथे थोडं कमी करा. सातशे-आठशेच्या आसपास थोडं वाढवा. चमक नव्हे, स्वराचा चेहरा तिथे असतो. ड्रमच्या किकला साठच्या आसपास बसू द्या आणि बेसला ऐंशी-शंभरवर, किंवा उलट. दोघांनी एकच जागा अडवू नका. बोटं घोडीकडे दोन इंच सरकवून बघा, कदाचित बाकी काही करावंच लागणार नाही.

आणि साउंडचेकला बेस एकट्याने वाजवून टोन ठरवू नका. एकटा ऐकला तर बरोबर लावलेला बेस नेहमी जरा कोरडा, जरा नाकात बोलल्यासारखा वाटतो, आणि साउंडवाले दादा लगेच तो ‘भरून’ देतात. त्यांना थांबवा. किक, कीबोर्ड, गायक सगळे सुरू होऊ द्या आणि मग बँडमधल्या कुणाला तरी शेवटच्या रांगेत पाठवून विचारा, आत्ता कुठला स्वर वाजला?